आंघोळीला मदत लागली, म्हणजे निर्णय हातचा गेला का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून:

पत्र लिहिणाऱ्या बाई ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत. गेल्या वर्षी त्यांना मोटर न्यूरॉन आजाराचे, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत जाणाऱ्या एएलएसचे, निदान झाले. हातांची ताकद कमी होत चालली आहे. चालणे आणि बोलणे अजून ठीक आहे. त्या एकट्या राहतात. मुलगी जवळच राहते आणि नोकरी करते, मुलगा दूर असतो. सकाळी कपड्यांची बटणे लावायला त्यांना पाऊण तास लागतो, तरी त्या मुलीला हात लावू देत नाहीत. सासूबाईंचे शेवटचे आजारपण त्यांनी एकटीने सहा वर्षे काढले. "मला कुणी विचारले नाही, एका रात्रीचीही सुटका कुणी दिली नाही," असे त्या लिहितात, आणि ती वेळ मुलीवर येऊ द्यायची नाही हा त्यांचा निर्धार आहे. म्हणून त्यांनी लिव्हिंग विलचा, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या निर्देशाचा, मसुदा केला आहे. आंघोळ, कपडे आणि शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागेल त्या दिवसापासून नळीने अन्न नको, व्हेंटिलेटर नको, न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिकही नको, असे त्यात लिहिले आहे. प्रतिनिधी म्हणून, म्हणजे आईला सांगता येणार नाही तेव्हा तिच्या वतीने ठरवणारी म्हणून, सही करायला मुलीने नकार दिला. "हे तू मला न विचारता ठरवलेस," एवढेच ती म्हणाली. बाईंचा प्रश्न असा: शरीर माझे, आयुष्य माझे, मग निर्णय माझाच नको का? जन्मभर कुणापुढे हात पसरला नाही, शेवटीही पसरायचा नाही, यात माझे काय चुकते?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देऊन टाकते. निर्णय तुमचाच आहे. सज्ञान आणि जाणत्या व्यक्तीला कोणताही उपचार नाकारता येतो, तो नाकारल्याने मृत्यू लवकर येणार असला तरी. देशोदेशीच्या कायद्यांचे तपशील वेगळे असले तरी वैद्यकीय नीतिशास्त्रात याविषयी आज फारसे दुमत नाही. हा हक्क कुणी आपणहून हातावर ठेवलेला नाही. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी आपल्या शरीराचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला आहे असे म्हटले, तेव्हा डॉक्टरांना ते नवे होते. पुढे नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेने स्वेच्छेच्या संमतीवाचून माणसावर प्रयोग करता येणार नाही असे बजावले, आणि तरीही अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना तसाच राहू देऊन त्याचा अभ्यास चालू राहिला. त्या प्रकरणानंतर माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयी आलेल्या १९७९ च्या अमेरिकी बेल्मॉन्ट अहवालाने व्यक्तीचा आदर हे पहिले तत्त्व मानले. इतके सगळे होऊन जो हक्क हाती आला, तो सोडून द्या असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मुलीच्या सहीविषयीही एक गैरसमज दूर करते. तिने प्रतिनिधी व्हायला नकार दिला आहे. तुमचा हक्क नाकारलेला नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला प्रतिनिधी नेमू शकता. तेव्हा प्रश्न परवानगीचा नाही. तुम्ही कागदावर जे लिहिले आहे ते तुम्हाला खरोखर हवे आहे का, आणि तो कागद ते करू शकेल का, एवढेच पाहायचे आहे.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो अधिक कोरडा आहे आणि त्यातच सगळी मेख आहे. असा आगाऊ निर्देश लागू होतो तो माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल किंवा तो कळवू शकत नसेल तेव्हा. ज्या दिवशी आंघोळीला मदत लागेल, त्या दिवशी तुम्ही शुद्धीत असाल, आणि बहुधा आज विचार करता तितकाच स्पष्ट विचार करत असाल. वाचा गेली असली तरी डोळ्यांच्या हालचालीने चालणाऱ्या संगणकावर तुम्ही होय-नाही सांगू शकाल. त्या दिवशी डॉक्टरांनी कागद उघडायचा नाही. त्यांनी तुम्हाला विचारायचे आहे. आणि तुम्ही जे सांगाल ते कागदाच्या वर राहील, मग ते आजच्या मसुद्याच्या अगदी उलट का असेना. म्हणजे ज्या क्षणासाठी तुम्ही हा मसुदा केला, त्या क्षणी त्याची गरजच पडत नाही. आणि ज्या परिस्थितीत त्याची खरोखर गरज पडेल, तिच्याविषयी त्यात एक अक्षर नाही. ती परिस्थिती येऊ शकते. या आजारात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या विचारांत किंवा वागण्यात काही ना काही बदल दिसतात, बहुतेकांत सौम्य, पण दहातल्या एक-दोघांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे वागणे आणि निर्णयशक्ती बिघडवणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, होतो. शिवाय एखाद्या रात्री श्वास अचानक अपुरा पडून तुम्ही बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचाल, आणि तिथे तुम्हाला न ओळखणारा तरुण डॉक्टर दोन मिनिटांत घशात नळी घालायची की नाही हे ठरवत असेल. त्याच्या हातात काय असावे, हा मसुद्याचा विषय आहे. तुम्हाला आंघोळ कोण घालते, या माहितीचा त्याला काही उपयोग नाही.

मग आंघोळीची अट तिथे आली कुठून? मला वाटते, तुमच्या मसुद्यातल्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: कोणते उपचार नकोत, कोणत्या अवस्थेत जगणे नको, आणि मुलीवर काय येऊ द्यायचे नाही. या तिन्ही सोडवून वेगवेगळ्या पाहिल्या पाहिजेत, कारण प्रत्येकीचे उत्तर वेगळे आहे.

अवस्थेपासून सुरू करू. तुमच्या पत्रातली पाऊण तासाची बटणे मी पुन्हा पुन्हा वाचली. पत्रात तो अभिमानाचा मुद्दा म्हणून आला आहे, आणि तो अभिमान मी कमी लेखत नाही. पण या आजारात स्नायूंची शक्ती रोजच्या खर्चाला मोजूनमापून मिळते. सकाळी ती बटणांवर गेली की दुपारी पुस्तकाची पाने उलटायला उरत नाही. बटणात घालून पलीकडून ओढायचा एक तारेचा फासा मिळतो, जाड मुठीचा; तो वापरला तर हे काम काही मिनिटांत होते. मुलीने केले तर त्याहून लवकर होईल. उरलेल्या वेळेचे काय करायचे हे मात्र तुम्हालाच ठरवायचे आहे, आणि स्वायत्ततेचा खरा प्रांत माझ्या मते तोच आहे.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. एड रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन मुलाला १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले. श्वासासाठी त्याला रात्री लोखंडी यंत्रात, आयर्न लंगमध्ये, झोपावे लागे. हा माणूस कधीही काम करू शकणार नाही असे सांगून कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने त्याला आधी मदत नाकारली होती. १९६२ मध्ये तो बर्कली विद्यापीठात दाखल झाला. ते यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहून शिकला. १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अपंगांच्या स्वतंत्र जगण्यासाठी केंद्र उभारले, आणि १९७५ मध्ये ज्या खात्याने त्याला नाकारले होते त्याच खात्याचा तो संचालक झाला. जेवण, कपडे, आंघोळ यांपैकी एकही गोष्ट तो स्वतःच्या हाताने करत नव्हता. त्या चळवळीचे म्हणणे असे होते की स्वातंत्र्य किती कामे आपल्या हाताने होतात यावर मोजायचे नसते. आपल्या दिवसाचा कारभार कोण चालवतो यावर मोजायचे असते. मदतनीस कोण असावा, तो केव्हा यावा, त्याने कसे करावे, हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो स्वतंत्र. या व्याख्येने पाहिले तर सकाळी दारे बंद करून बटणांशी झुंजणारी व्यक्ती तिला वाटते तितकी स्वतंत्र नसते.

एक गोष्ट इथे मान्य करायला हवी. रॉबर्ट्स तरुण होता, त्याचा आजार एका जागी थांबलेला होता. तुमचा पुढे सरकणारा आहे. तुमची आणि त्याची परिस्थिती एक नाही. तरीही तुमच्या पत्रात जे गृहीत धरले आहे, की मदत घेणे म्हणजे स्वतःवरचा ताबा सोडणे, ते त्याच्या आयुष्याने खोटे ठरवले आहे, आणि ते तुमच्यासाठीही खोटेच आहे.

या गृहीतकाचा दोष एकट्या तुमच्यावर टाकता येणार नाही. आपली नीतिशास्त्राची पुस्तकेच त्यावर उभी आहेत. अलास्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९९९ मध्ये नेमके हेच दाखवून दिले: पाश्चात्त्य नीतिविचारात प्लेटोपासून पुढे माणसाच्या दुबळेपणाचा आणि दुसऱ्यावरच्या विसंबण्याचा उल्लेख येतो तो ओझरता, आणि आजारी, अपंग माणसे येतात ती निरोगी माणसांच्या उपकाराचा विषय म्हणून, ते आणि आपण अशी विभागणी करून. खरे तर प्रत्येकाच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना, आणि मधेही कितीतरी वेळा, आपण पूर्णपणे दुसऱ्यांच्या हातात असतो. स्वतंत्र विचार करायलाही कुणीतरी शिकवलेले असते. तुम्ही शिक्षिका होता, तुम्हाला हे मी काय सांगावे. इमॅन्युएल कांटचेच पाहा. नैतिक स्वायत्ततेची आधुनिक कल्पना ज्याने मांडली, त्या कांटला रोज पहाटे पाच वाजता उठवायला मार्टिन लाम्पे नावाचा नोकर होता आणि तो कित्येक दशके त्याच्या घरी राबला. शेवटच्या वर्षांत कांटची स्मृती आणि शरीर दोन्ही खचले, तेव्हा वासियान्स्की या त्याच्या जुन्या विद्यार्थ्याने सगळा संसार हाती घेतला, आणि अखेरीला बहीण शुश्रूषेला येऊन राहिली. १८०४ मध्ये कांट वारला तो असा, इतरांच्या हातांवर. त्यामुळे त्याचे तत्त्वज्ञान खोटे ठरत नाही; लाम्पेला मात्र त्या तत्त्वज्ञानात जागा मिळाली नाही, हे खरेच.

आता दुसरी बाजू. "तुम्हाला सवय होईल" असे म्हणून मी तुमची समजूत काढावी, हे मला करायचे नाही. संशोधन काय सांगते ते मात्र सांगते. गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपले जगणे चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले, जेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे जगणे नकोसे वाटत होते. धडधाकट असताना आपण आपल्या पुढच्या अवस्थेविषयी जो अंदाज करतो तो बऱ्याचदा चुकतो, आणि एकाच दिशेने चुकतो. याचा अर्थ तुमचा अंदाज चुकेलच असा नाही. काही जणांना ती अवस्था खरोखरच असह्य होते, आणि त्यांचे म्हणणे तितकेच खरे मानावे लागते. पण आज ज्या रेषेला तुम्ही शेवटची रेषा म्हणता, तिच्यापाशी पोहोचल्यावर ती तिथेच आहे का हे पाहण्याची मुभा स्वतःला ठेवा. आतापर्यंतच अशा रेषा सरकल्या असतील. निदानाच्या दिवशी तुम्हाला आजच्या हातांसह जगणे शक्य वाटले होते का, हे स्वतःला विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णांना डॉक्टरांकडून प्राणघातक औषध मागण्याची कायदेशीर मुभा आहे, आणि त्यामागची कारणे दरवर्षी नोंदवली जातात. वेदना हे कारण तिथे बरेच खाली आहे. दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत नोंदले गेलेले कारण म्हणजे स्वायत्तता गमावणे. आपण इतरांवर ओझे होऊ ही भीतीही पुष्कळांच्या नोंदीत आहे. त्या कायद्याविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील आणि तो आजचा विषय नाही. पण ज्या समाजात परावलंबन हीच मोठी लाज ठरते, तिथे एखाद्याचा मुक्त निर्णय कोणता आणि लाजेने घेतलेला निर्णय कोणता, हे वेगळे काढणे फार कठीण होते. तुमच्या पत्रातला "हात पसरायचा नाही" हा शब्दप्रयोग मला म्हणूनच खटकला. आंघोळीला मदत मागणे ही भीक नाही.

आणि आता मुलगी. या भागावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे.

सासूबाईंच्या सहा वर्षांविषयी तुम्ही लिहिले आहे ते नीट वाचले तर त्यात सासूबाईंविषयी तक्रार जवळजवळ नाहीच. त्यांना आंघोळ घालावी लागली, रात्री उठावे लागले, असे आहे. पण जे शब्द टोचतात ते वेगळे आहेत. कुणी विचारले नाही. कुणी सुटका दिली नाही. तुम्हाला मोडले ते सासूबाईंच्या परावलंबनाने, की ते सगळे एकाच बाईच्या अंगावर टाकून बाकीचे घर मोकळे झाले त्याने? हा फरक तुमच्या निर्णयासाठी महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या गोष्टीवर इलाज नाही आणि दुसरीवर आहे. एवा फेडर किटे या तत्त्वज्ञ बाईंनी, ज्यांची स्वतःची मुलगी जन्मापासून पूर्ण परावलंबी आहे, या विषयावर दीर्घकाळ लिहिले आहे. त्यांचा मुद्दा असा की शुश्रूषा करणारी व्यक्ती त्या कामापुरती स्वतःही परावलंबी होते. तिच्या पाठीशी दुसरे कुणी उभे नसेल तर ती शुश्रूषा शोषण होऊन बसते. म्हणून न्यायाचा प्रश्न रुग्ण आणि सेवेकरी या दोघांपुरता ठेवून भागत नाही. सेवा करणारीला कोण सांभाळतो, हे घराला आणि समाजाला विचारावे लागते.

तुमच्या बाबतीत हा प्रश्न मी असा विचारेन: पत्रात मुलगा एकाच वाक्यात का येतो? तो दूर आहे हे कळले. पण दूर असणाऱ्याला पैसे देता येतात, महिन्यातला एक आठवडा येऊन राहता येते, रात्रीचा मदतनीस ठरवून त्याचा पगार आणि हिशेब सांभाळता येतो. मुलीवर ओझे नको म्हणून मरण लवकर यावे अशी तजवीज करण्यापूर्वी ते ओझे दुसऱ्या खांद्यावरही जाऊ शकते का, हे विचारायला काय हरकत आहे? सेवा म्हटले की घरातली बाई, हे गृहीतक तुम्हाला सहा वर्षे नडले. आता तेच तुमच्या मसुद्यातून बोलते आहे.

"हे तू मला न विचारता ठरवलेस" या मुलीच्या वाक्याकडे पुन्हा पाहा. तुमच्या उपचारांविषयी तिला विचारणे बंधनकारक नाही. पण तुम्ही तिच्याविषयीही ठरवले आहे: तिला काय झेपेल, तिला कशाचा त्रास होईल, दहा वर्षांनी तिला कशाचा पश्चात्ताप होईल. तुमच्या सासरी तुम्हाला न विचारता तुमच्याविषयी ठरवले गेले. इथे उलट दिशेने, प्रेमापोटी, तेच होते आहे. तिची स्वायत्तता जपायची असेल तर तिला नाही म्हणण्याची खरी मोकळीक द्या. "शौचाचे मला जमणार नाही, त्यासाठी माणूस ठेवू, पण संध्याकाळचे दोन तास मी येईन" असे तिला संकोच न वाटता म्हणता आले पाहिजे. हो म्हणण्याचीही मोकळीक हवी. काही मुलींना आईचे केस विंचरायचे असतात, आणि त्याला त्या ओझे म्हणत नाहीत.

या सदराच्या ज्या वाचक मुलीच्या जागी आहेत, त्यांच्यासाठीही चार शब्द. वर जे लिहिले त्याचा आधार घेऊन कुणी आपल्या आईला "आपण सगळे एकमेकांवर अवलंबून आहोत, तेव्हा तुला एकटीने ठरवता येणार नाही" असे म्हणू लागला, तर तो गैरवापर होईल. नात्यांचा विचार करणारी स्वायत्तता म्हणजे नातेवाइकांचा नकाराधिकार नव्हे. नात्यांच्या आधाराने माणसाला स्वतःचा निर्णय अधिक नीट घेता यावा, एवढाच त्याचा अर्थ. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे बारावे कलम याच दिशेने जाते: निर्णय घेण्यासाठी लागेल तो आधार द्यावा, असे ते राज्यसंस्थांना सांगते. आईला समजून घ्यायला वेळ लागत असेल तर वेळ द्या, तिचा आवाज अस्पष्ट झाला असेल तर दुभाषी व्हा, पण तिच्या तोंडी आपले वाक्य घालू नका. जगण्याच्या बाजूने असो वा मरणाच्या, दबाव तो दबावच.

आता मसुद्याकडे वळू. तो फाडू नका, नव्याने लिहा. आणि एकटीने न लिहिता, तुमचे न्यूरॉलॉजिस्ट आणि पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करून आराम देणाऱ्या उपचारांचे, डॉक्टर यांच्याशी बसून लिहा. पॅलिएटिव्ह केअर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची असते, हा समज सोडा. या आजारात ती निदानापासूनच उपयोगी पडते. तुमच्या डॉक्टरांनी "थांबा, घाई नको" असे म्हटले असेल तर त्यांना नम्रपणे सांगा की काही गोष्टींना घाई आहे.

पोटातून अन्न देणाऱ्या नळीचे घ्या. ती बसवायची असेल तर श्वासाची क्षमता फार घटण्यापूर्वी बसवावी लागते, साधारणपणे ती निम्म्यावर येण्याच्या आत. नंतर तीच छोटी शस्त्रक्रिया धोक्याची होते. म्हणजे "वेळ येईल तेव्हा पाहू" म्हणताना वेळ निघून गेलेली असते. नळी बसवून ठेवली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही, तोंडाने खाता येते तोवर खाता येते, आणि पुढे त्यातून अन्न घेणे थांबवण्याचा निर्णयही तुमचाच राहतो. व्हेंटिलेटर या एका शब्दातही दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मास्क लावून रात्री श्वासाला आधार देणारे यंत्र हा एक प्रकार. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, ज्यांचे घशाचे आणि जिभेचे स्नायू फारसे दुबळे झालेले नव्हते अशा रुग्णांचे आयुष्य त्याने काही महिन्यांनी वाढले आणि जगण्याची प्रतही सुधारली. रात्रीची झोप आणि सकाळची डोकेदुखी यांत पडणारा फरक रुग्णांना स्वतःला जाणवतो. गळ्याला छेद देऊन कायमचे लावलेले यंत्र हा दुसरा प्रकार. तो आयुष्य पुष्कळ वाढवू शकतो, पण चोवीस तास कुणी ना कुणी जवळ लागते. तुमच्या मसुद्याने या दोन्हींना एकच नकार दिला आहे. कदाचित दुसऱ्याला नकार आणि पहिल्याला काही आठवडे वापरून पाहण्याची तयारी, हे तुमच्या मनाच्या अधिक जवळचे असेल.

वापरून पाहण्याविषयी एक महत्त्वाचे. सुरू केलेला उपचार नको झाल्यावर थांबवणे आणि तो मुळातच सुरू न करणे यांत नैतिक फरक नाही, असे मुख्य प्रवाहातले वैद्यकीय नीतिशास्त्र मानते, जरी थांबवणाऱ्याच्या मनाला ते अधिक जड जात असले तरी. एकदा अडकलो की सुटका नाही या भीतीने अनेकजण उपयोगी उपचारही पहिल्याच दिवशी नाकारतात. तुमच्या देशाच्या कायद्यात यासाठी कोणती कार्यपद्धती आहे हे वकिलाकडून किंवा रुग्णालयाच्या नीतिसमितीकडून आधी समजून घ्या, म्हणजे ही भीती तुमच्या वतीने निर्णय घेणार नाही. न्यूमोनियाच्या अँटिबायोटिकविषयीही असेच: आजच्या अवस्थेत न्यूमोनिया झाला, तर अँटिबायोटिक घेऊन तुम्ही बहुधा पुन्हा चालू-बोलू लागाल. बेशुद्धावस्थेत, परत शुद्धीवर येण्याची आशा नसताना तो झाला, तर गोष्ट वेगळी. कोणत्या अवस्थेत काय, हे लिहा. आणि उपचार नाकारला तरी धाप, घुसमट आणि भीती यांवरची औषधे पूर्ण द्यावीत, हे स्पष्ट लिहा. उपचार नको म्हणजे आराम नको, असा अर्थ कुणी लावता कामा नये.

मसुद्यात एक उतारा स्वतःविषयी लिहा, साध्या भाषेत. कशासाठी जगावेसे वाटते, कोणती माणसे ओळखू येणे महत्त्वाचे आहे, काय गेले तर बाकीचे व्यर्थ वाटेल. न कल्पिलेल्या प्रसंगी प्रतिनिधीला याच उताऱ्याचा आधार असतो. उपचारांची यादी तिथे पुरी पडत नाही. या आजारात काहींना अनावर रडू किंवा हसू येते, मनात तसे काही नसतानाही. त्याला औषध आहे. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या रडण्यातून ती तुमच्या इच्छेचा भलताच अर्थ काढेल. प्रतिनिधी कोण, हा प्रश्न या सगळ्या बोलण्यानंतरच विचारा. तोवर मुलीचे मत बदलले तर उत्तम, न बदलले तर तिच्यावर राग न धरता दुसरे विश्वासाचे माणूस नेमा; आईच्या मृत्यूच्या कागदावर सही न करणे हाही तिचा हक्क आहे. आणि दर तीन-चार महिन्यांनी मसुदा काढून वाचा, तारीख घाला, बदलावेसे वाटले तर बदला.

एक प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी विचारला नसेल तर मी विचारते: झोप कशी लागते, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता आवडतात का, सगळे संपवून टाकावे असे विचार येतात का? उत्तर होकाराकडे झुकत असेल तर ते याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. असे विचार आज, आत्ता, तीव्र असतील तर तेवढीही वाट पाहू नका. मुलीला बोलावून घ्या, किंवा तत्काळ मदत देणाऱ्या सेवेला फोन करा. नैराश्य आले तर त्यावर उपचार होतात, या आजारातही, आणि त्यानंतर घेतलेला निर्णय, तो आजच्यासारखाच असला तरी, अधिक तुमचा असेल.

राहता राहिला आवाज. वाचा जाण्यापूर्वी स्वतःच्या आवाजात वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर पुढे संगणक त्याच आवाजाशी मिळताजुळता आवाज तुमच्या वतीने काढू शकतो. त्यासाठी आवाज स्पष्ट असावा लागतो, आणि तुमचा तो अजून आहे. वाचा-उपचारतज्ज्ञाची वेळ याच महिन्यात घ्या आणि मुलीला सोबत न्या. मशिनसमोर बसून वाक्ये वाचायची असतात, मधे थांबावे लागते, पाणी प्यावे लागते, तेव्हा शेजारी कुणी असलेले बरे. ठरावीक वाक्ये संपली की तुमची स्वतःची घाला: मुलांना हाक मारायची तुमची पद्धत, वर्गात मुले गप्प बसत ती ओरड, आणि "नाही, हे मला नको" हेही. ते शेवटचे वाक्य दोन-तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून ठेवा.